जवळ्याची बादली

जालन्याला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय, समुद्र बघून आलात म्हणे?" जळालेली मोटार घेऊन दुकानात येणारे शेतकरीसुद्धा आधी समुद्राची चौकशी करतात आणि मग मोटारीचं सांगतात. खरं सांगायचं तर मी समुद्र बघायला गेलोच नव्हतो. मी मुलीला परत आणायला गेलो होतो.

आमची मृणाल, घरातली मनू, पनवेलच्या एका कॉलेजात पीएच.डी. करते. विषय आहे जवळा. जवळा म्हणजे करंगळीच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव, कोळंबीच्या गोतावळ्यातला. आमच्या बाजारात तो वाळवलेला मिळतो आणि आमच्या घरात तोही येत नाही. पावसाळ्यात एकदा फोनवर बोलता बोलता मनूच्या तोंडून निसटलं, की होडी चिखलात रुतली होती, ढकलायला ती खाली उतरली आणि कंबरेपर्यंत आत गेली. ती हसत सांगत होती. इकडे तिच्या आईचा, शोभाचा, चेहरा उतरला. नवरात्र संपेपर्यंत तिने कळ काढली आणि मग मला हुकूमच सोडला, "जा आणि घेऊन या. दिवाळी घरी झाली पाहिजे. नंतर परत पाठवायचं की नाही, ते आपण बघू."

मला तर निमित्तच हवं होतं. बोअरच्या मोटारींचं वाइंडिंग करणं हा माझा धंदा, आणि काळजी करणं हा जोडधंदा. मला पोहता येत नाही. आमच्याकडे पोहायला पाणी असतं कुठे?

पनवेल, विचुंबे

पनवेलच्या स्टँडवर सकाळी उतरलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती घामाची. आमच्याकडे घाम येतो, वाळतो आणि शर्टावर पांढऱ्या रेघा सोडून जातो. इथे तो आला की मुक्कामालाच राहतो. मनू स्कूटर घेऊन घ्यायला आली होती. काळी पडली होती आणि दोन्ही पायांवर ओरखडे होते.

"हे काय गं?"

"शिंपल्या लागतात, बाबा. काही नाही."

"काही नाही" हे तिचं उत्तर लहानपणापासूनचं आहे. ताप चढलेला असतानाही ती हेच म्हणायची.

तिची खोली पनवेलजवळच्या विचुंब्यात, नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. समोर असल्याच आणखी इमारती, मागच्या खिडकीतून जुन्या गावाची कौलं आणि त्यापलीकडे पिवळं पडत चाललेलं भात. घरमालकीण रोज सकाळी पाइप लावून अख्खा जिना धुते. मी पहिल्या दिवशी न राहवून खाली जाऊन नळ बंद करून आलो. ती बिचारी वरून ओरडत राहिली, "पाणी गेलं का हो?" आमच्या गल्लीत टँकर आला की माणसं हातातला घास टाकून धावतात. तरी गच्चीवर पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवल्याशिवाय शोभा चहाला बसत नाही. दारात आलेल्या माणसाला, गाईला, कुत्र्याला आधी पाणी, मग विचारपूस. माझ्या वडिलांनी मला एवढंच शिकवलं होतं, आणि तेवढं मात्र मी नीट शिकलो होतो.

संध्याकाळी मनूने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. खाडीच्या पाण्याचा एक थेंब होता. आत तांदळाच्या कणीसारखे जीव टुणटुण उड्या मारत होते, प्रत्येकाच्या कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा.

"हे कोपेपॉड. जवळ्याचं जेवण. आणि जवळा हे बाकी सगळ्या माशांचं जेवण."

"मग जवळा नाही आला तर?"

"तेच तर शोधतेय."

मग तिने मला समजावलं. जवळा पोहतो, पण प्रवाहाविरुद्ध त्याचं काही चालत नाही. पाणी नेईल तिकडे तो जातो. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाडीत भरतं, तेव्हा तो खाऱ्या पाण्याबरोबर बाहेर समुद्राकडे सरकतो. पाऊस सरला, खारटपणा परत चढला, की भरतीबरोबर थव्याथव्याने आत येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची ओढ जास्त असते, म्हणून येणाराही जास्त. पाणी फार तापलं तरी त्याला सोसत नाही. यंदा पाऊस वेळेवर संपला होता, पण जवळा आत आलाच नव्हता. तिला भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांतले नमुने मिळाले होते. उधाणाच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळणारा नमुना तेवढा राहिला होता. तो परवा, कोजागरीला घ्यायचा होता.

"आणि तो हुकला तर?"

"तर पुढचं उधाण अमावास्येला."

अमावास्येला म्हणजे लक्ष्मीपूजनाला. हिशेब माझ्या लगेच लक्षात आला. परवाचं काम नीट पार पडावं म्हणून मी त्या रात्री मनातल्या मनात मारुतीला नारळ बोललो. आणि तिच्यासोबत होडीत मीही जाणार, हे तिथेच जाहीर केलं. मनूने खूप समजावलं. मी म्हणालो, "बुडालो तर बरोबर बुडू." आता वाटतं, हे काही धीर देणारं वाक्य नव्हतं.

खाडीत

विचुंब्याहून उरणच्या बाजूला आम्ही स्कूटरवरून गेलो. तिच्या पायांशी पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन, माझ्या मांडीवर झाकणाची बादली आणि दोन्ही बाजूंना बंदराकडे जाणारे ट्रेलर. एकेक ट्रेलर म्हणजे चालती इमारत. त्या रस्त्याने गेल्यावर समुद्राची भीती थोडी कमी झाली, एवढा त्याचा उपयोग.

किनाऱ्यावर जनार्दन नाखवा वाट बघत होता. मनूला खाडीत नेतो तो हाच. पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याची स्वतःची डोल आहे, म्हणजे खुंटांना बांधून भरतीच्या तोंडाला लावतात ते जाळं. यंदा ते जवळजवळ रिकामंच येत होतं. मला होडीत चढवताना त्याने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

"दादा, घट बसा. कायबी व्हत नाय. मनूताय पयल्यांदा आलती तवा तिचेबी पाय कापत व्हते."

मनूने त्याच्याकडे डोळे वटारले. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पाणी चढत होतं. खाडीच्या तोंडाशी पोचलो तोवर ऊन टाळूवर आलं होतं. मनूने बारीक कापडाची लांबट पिशवी पाण्यात सोडली, होडी हळूहळू फिरली, आणि पिशवी वर आली तेव्हा तळाशी मूठभर जवळा वळवळत होता. तिथलंच पाणी बादलीत घेऊन तिने तो त्यात सोडला. जिवंतच न्यायचा होता. सगळे आरपार, नुसते काळे ठिपक्यासारखे डोळे तेवढे पोहताना दिसत होते. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. माझी मुलगी कशापायी चिखलात उतरते, ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

मग ती पाण्याचा नमुना घ्यायची बाटली दोरीने खाली सोडत होती, तेवढ्यात दूरवरून गेलेल्या एका मोठ्या मालवाहू बार्जची लाट आली. होडी एका अंगावर गेली. माझ्या तोंडून किंकाळी फुटली, ती मी इथे लिहितो कारण जनार्दनने ती सगळ्या गावाला सांगितलीच आहे. मी बादलीला मिठी मारून खाली बसलो. मनूच्या हातातली दोरी सुटली आणि बाटली गेली. पिशवीची दोरीही पाण्यात पडून इंजिनाच्या पंख्यात अडकली. जनार्दन आणि मनू दोघंही मागच्या टोकाला ओणवून ती सोडवायला लागले.

"हात सांबाल, पोरी! पानी उतराया लागायच्या आत सुटाय पायजे, नायतं चिखलात बसू!"

हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. मनू होडीबाहेर अर्धी वाकलेली, खाली गढूळ पाणी, आणि मला काहीच करता येत नव्हतं. मी बादलीकडे बघितलं. लाटेने तिच्यातलं जवळजवळ निम्मं पाणी सांडलं होतं. जवळा तळाशी एकावर एक दाटला होता, तडफडत होता. वरून ऊन. मला दुसरं काही सुचलंच नाही. शेजारचा कॅन उचलला आणि बादली आधी पाणी होतं तिथपर्यंत भरली. जिवांनी एकदम उसळी मारली. मला वाटलं, हुशार झाले. होडीत बसल्यापासून पहिल्यांदा मी कामाचं काहीतरी केलं होतं, आणि मनाला फार बरं वाटलं.

किनाऱ्यावर

किनाऱ्याला लागलो तेव्हा जवळा मेलेला होता. आरपार अंग दुधासारखं पांढरं झालेलं. मनूचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "बाटली गेली, पण बादलीतलं पाणी तिथलंच आहे." खिशातून खारटपणा मोजायची एक छोटी नळी काढून तिने तिच्या काचेवर बादलीतल्या पाण्याचा थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून बघितलं. काच पुसली, परत थेंब टाकला, परत बघितलं.

"बाबा! खारटपणा निम्म्यावर आलाय! तोंडाशी, उधाणाला, पाऊस संपून इतके दिवस झाल्यावर! कुठून तरी गोडं पाणी येतंय. म्हणून तर तो आत येत नाही!"

तिने मला मिठी मारली. माझी नजर तिच्या खांद्यावरून कॅनकडे गेली.

तोंड उघडायला हवं होतं ते तिथेच. पण ती आधीच फोनवर तिच्या गाइड मॅडमना सांगत होती, आणि मग लगेच तिने आईला फोन लावला. "आई, सापडलं बहुतेक! माझं इथलं काम झालं. दिवाळीला येतेय मी, बाबांबरोबरच निघते." फोनमधून शोभाचा आवाज मलाही ऐकू आला. तिने एका दमात करंज्या, चकल्या आणि नव्या साडीचं सगळं सांगून टाकलं. ज्यासाठी मी आलो होतो ते न मागता पदरात पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

जनार्दनच्या घरी जेवायला बसलो. त्याची बायको सुमन हिने तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेला जवळा केला होता. तांदळाची भाकरी आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे फारच मवाळ, घडी घातली तरी मोडत नाही.

"खा, दादा. ह्यो गेल्या सालचा सुका हाय. ओला कुटं भेटतोय आवंदा?"

मी मासे खात नाही, पण त्या दिवशी नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. चव चांगली असावी. घास गिळताना मला ते पांढरे पडलेले जीव दिसत होते.

जनार्दन मात्र भाकरीचा तुकडा ताटात नुसता फिरवत होता. मग म्हणाला, "गोडं पानी येतंय तर मंग काय, डोल काडून ठेवतो. पुतन्या बोलवतोय गाडीवर, ट्रेलरवर. तितं जातो."

"अवो, दिवालीचं उदान तर बगा," सुमन म्हणाली.

"कशाला? मनूताय बोलली म्हंजे झालं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथे तर मारुतीने एका माणसाचं जाळं उचलायला लावलं होतं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

विचुंबे, दुसऱ्या दिवशी

आदल्या रात्री कोजागरीचं दूध मनूने आटवलं, गच्चीवर घरमालकिणीने चारोळ्या घातल्या, गाणी झाली. मी डोकं दुखतंय म्हणून लवकर आडवा झालो. झोप कसली लागतेय! एकदा वाटायचं, एवढ्याशा पाण्याने काय होतंय, तिच्या मॅडम बघतील की. एकदा वाटायचं, पोर घरी येतेय, हातीपायी धडधाकट येतेय, आणखी काय पाहिजे? मग जनार्दनचं जाळं आठवायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनूची ती मिठी आठवायची.

सकाळी ती तयार होऊन मेलेल्या जवळ्याची बरणी पिशवीत ठेवत होती.

"मनू, ती बादली. त्यात पाणी मी घातलं होतं."

"कधी?"

"तुम्ही दोरी सोडवत होतात तेव्हा. पाणी सांडलं होतं. तडफडत होते गं ते. मी कॅनमधलं ओतलं."

तिने बरणी खाली ठेवली. मग खुर्चीवर बसली.

"बाबा, ते समुद्रातले आहेत."

"हो."

"त्यांना तहान नव्हती लागली."

"आता कळतंय मला."

"काल का नाही बोललात? मी सगळ्यांना फोन करत सुटले होते. मला वेडी करून सोडलंत तुम्ही!" ती माझ्यावर आयुष्यात कधी एवढ्या आवाजात बोलली नव्हती. बोलली आणि रडायलाच लागली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी तिला खरं तेही सांगून टाकलं, की तू घरी येशील म्हणून मी गप्प बसलो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि फोन उचलला. आधी मॅडमना. "मॅडम, कालचं धरू नका. पाण्यात भेसळ झाली," एवढंच म्हणाली, भेसळ कोणी केली ते नाही सांगितलं. मग जनार्दनला. त्याला मात्र तिने सगळं सांगितलं. पलीकडून तो एवढ्या जोरात हसला, की फोन लांब धरावा लागला. "दादांनी जवल्याला पानी पाजलं? मंग डोल नाय काडत. अमावशेला लावू, बगू तरी!"

तिसरा फोन तिने माझ्या हातात दिला. "आईला तुम्ही सांगा."

मी सांगितलं. दिवाळी नाही, अमावास्येला परत खाडीत जायचंय, माझ्यामुळे. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. शोभा शेवटी म्हणाली, "तुम्हाला एक काम सांगितलं होतं." आणि कुकर बंद करून, "मीच येते तिकडं."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी

मधल्या दिवसांत मी दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून तिथेच राहिलो, घरमालकिणीची पंपाची मोटार दुरुस्त केली आणि जनार्दनच्या घरी दोनदा जेवलो. शोभा फराळाचे डबे घेऊन आली आणि आल्याआल्या तिने मनूच्या पायांवरच्या ओरखड्यांना हळद लावली. होडीत येणारच म्हणाली. "तुम्ही दोघं बुडालात, तर मी किनाऱ्यावर बसून काय करू?" घाबरण्याच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच मापाचे आहोत, फक्त तिची भीती रागासारखी बाहेर पडते.

या वेळी लाट आली नाही. मनूने नवी बाटली मनगटाला बांधूनच सोडली. तोंडाशी पाणी होतं तसंच होतं, चांगलं खारट, उधाणाला असायला हवं तसं. जवळाही सापडला, त्याच मुठीएवढा. पण खाडीच्या आत शिरून तिने परत पिशवी ओढली, तर दोन-चार जीव. जनार्दनने त्याची डोल उचलून दाखवली, तीही तशीच.

"म्हणजे गोडं पाणी नाही," मनू म्हणाली. "आतलं पाणी जास्त तापतंय, नाहीतर भरतीची ओढच कमी झालीय. दोन्ही बघावं लागेल. सगळे ऋतू परत."

"सगले ऋतू म्हंजे वरीस गेलं," जनार्दन म्हणाला.

"हो, नाखवा. एक वर्ष तरी."

मी शोभाकडे बघितलं. घेऊन या म्हणणारी तीच होती. आता ती काय बोलते, याची मला त्या उन्हात धास्ती वाटत होती. तिने डोक्यावरचा ओला टॉवेल काढला, बादलीवर पसरला आणि चारी बाजूंनी नीट खोचला, आत ऊन जाऊ नये म्हणून.

"इथं थंडीत स्वेटर लागतो का गं?" तिने विचारलं.

"नाही लागत, आई."

"तरी पाठवते एक."

मनू दुसरीकडे तोंड करून उगाच दोरी गुंडाळत बसली. उन्हाने माझा घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं. कॅन शोभाच्या मांडीवर होता. तिने आधी बादली पायाने माझ्यापासून लांब सरकवली, मग कॅनचं झाकण उघडलं.

"ओंजळ करा," ती म्हणाली. कॅन काही तिने माझ्या हातात दिला नाही.